क्यूआर कोड स्कॅन करताना: कॅमेरा उघडण्यापासून पिन टाकेपर्यंत काय बघायचं

क्यूआर कोड नुसता स्कॅन केला म्हणून खात्यातले पैसे उडत नाहीत. ‘हा कोड स्कॅन करू नका, क्षणात खातं रिकामं होईल’ अशा छापाचे मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत असतात. ते वाचून घाबरलेली माणसं स्कॅन करणंच सोडून देतात, आणि न घाबरलेली माणसं काहीही न बघता स्कॅन करत राहतात. दोघांचंही नुकसानच आहे. पैसे जातात ते स्कॅन आणि पिन यांच्या मधल्या एका स्क्रीनवर. रांगेत मागे माणसं उभी असतात, चहा गार होत असतो, आणि ती स्क्रीन वाचायची राहून जाते. पुढचं सगळं प्रामुख्याने त्या स्क्रीनबद्दल आहे.

आधी थोडं: त्या चौकटीत असतं काय

क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह या टोयोटा समूहातल्या कंपनीत तयार झाला. मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गाड्यांच्या सुट्या भागांवर नजर ठेवायची होती, आणि साध्या बारकोडमध्ये मावेल त्याहून जास्त माहिती हवी होती. कारखान्यातल्या खोक्यावर लावायच्या चिठ्ठीला ‘ही चिठ्ठी खरी कशावरून?’ असं विचारायची गरज नव्हती. त्यामुळे साध्या क्यूआर कोडला तो कोणी बनवला हे सिद्ध करायची सोयच नाही. कोणीही, कुठल्याही फुकट वेबसाइटवर, मिनिटाभरात हवा तो कोड बनवू शकतो.

आत असतो फक्त मजकूर. जास्तीत जास्त ४,२९६ इंग्रजी अक्षरं-आकडे मावतात. तो मजकूर वेबसाइटचा पत्ता असेल, वायफायचा पासवर्ड असेल, फोन नंबर असेल किंवा यूपीआयचा तपशील असेल. यूपीआयच्या कोडमध्ये पैसे कोणाला जाणार तो यूपीआय आयडी, एक नाव आणि कधी कधी रक्कम असते. यातलं नाव म्हणजे कोड बनवणाऱ्याने जे लिहिलं ते. त्याने ‘श्री गणेश मेडिकल’ लिहिलं असेल आणि खातं भलत्याचंच असेल, हे पूर्वी सहज खपून जायचं. म्हणून एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, ३० जून २०२५ पासून सगळ्या ॲपना बंधन घातलं: पैसे देण्याआधी दाखवायचं नाव कोडमधलं नको, बँकेत नोंदलेलं हवं. ग्राहकाच्या हातात आजवर आलेलं हे सगळ्यात उपयोगी हत्यार आहे असं माझं मत आहे. पण ते नाव वाचलं तरच.

आणखी एक. कोडचा सुमारे ३० टक्क्यांपर्यंतचा भाग झाकला किंवा खराब झाला तरी तो वाचता येईल अशी सोय त्यात ठेवता येते. म्हणून तर मधोमध लोगो छापता येतो. त्या लोगोवरून काहीही सिद्ध होत नाही. तो नुसता चिकटवलेला असतो.

पायरी १: कशाने स्कॅन करायचं

फोनमध्ये ‘क्यूआर स्कॅनर’ नावाचं वेगळं ॲप असेल तर ते आजच काढून टाका. फोनच्या कॅमेऱ्यात किंवा गूगल लेन्समध्ये ही सोय आहेच. वेगळ्या ॲपचा धोका काय, तर ‘बारकोड स्कॅनर’ नावाचं एक ॲप वर्षानुवर्षं लोकांच्या फोनमध्ये गुपचूप, नीट काम करत होतं. एक कोटीहून जास्त वेळा ते उतरवलं गेलं होतं. २०२० च्या अखेरीस आलेल्या एका अपडेटनंतर ते आपणहून ब्राउझर उघडून जाहिराती दाखवायला लागलं. गूगलने ते प्ले स्टोअरवरून काढलं, पण ज्यांच्या फोनमध्ये होतं त्यांच्याकडे ते तसंच राहिलं.

नियम सोपा ठेवा. पैसे द्यायचे असतील तर यूपीआय ॲप उघडून त्याच्याच स्कॅनरने स्कॅन करा. मेनू, फॉर्म, माहितीपत्रक असं काही असेल तर फोनच्या कॅमेऱ्याने. यात एक फायदा आपोआप मिळतो. हॉटेलचा मेनू बघायला कॅमेरा धरला आणि फोन म्हणाला की फोनपे किंवा गूगल पे उघडू का, तर तिथेच थांबायचं, कारण मेनूला तुमच्या पैशांच्या ॲपशी काही काम नसतं. उलट बाजूने, पैसे द्यायला म्हणून स्कॅन केलं आणि एखादी वेबसाइट उघडून कार्डाचा नंबर मागायला लागली, तरी थांबायचं.

पायरी २: स्टिकर बघा, पण जागाही बघा

जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत काही दुकानांबाहेरचे क्यूआर रात्रीतून बदलले गेले. चोरांनी खऱ्या स्टिकरवर स्वतःचे चिकटवले, आणि सकाळपासून गिऱ्हाइकांचे पैसे भलतीकडे जायला लागले. हे लक्षात आलं ते स्क्रीनवर वेगळंच नाव दिसल्यामुळे. सीसीटीव्ही नंतर तपासले गेले.

त्यामुळे स्टिकरवर स्टिकर आहे का, कडा उचललेल्या आहेत का, हे बघाच. पण खरं सांगायचं तर टपरीवर प्रत्येक स्टिकर तेलकट, फाटका आणि दोनदा चिकटवलेला असतो. तेवढ्यावरून काही कळत नाही. त्यापेक्षा तिथे माणूस आहे का, हे महत्त्वाचं. हातगाडीवाला समोर उभा असतो, त्याचा साउंडबॉक्स बोलला नाही तर तो तुम्हाला सोडणार नाही. त्याच्याकडे फसवणूक फार वेळ टिकत नाही. जिथे कोणीच नसतं तिथे ती टिकते: पार्किंगची जागा, दानपेटी, इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग स्टेशन, सोसायटीचा सूचना फलक, भिंतीवरचं ‘मदत करा’ पोस्टर.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ऑस्टिन शहरात जानेवारी २०२२ मध्ये पार्किंगचे पैसे भरायच्या २९ यंत्रांवर खोटे क्यूआर चिकटवलेले सापडले. गंमत म्हणजे ऑस्टिनची महापालिका पार्किंगसाठी क्यूआरने पैसे घेतच नव्हती. अशा ठिकाणी पहिला प्रश्न ‘कोड खरा आहे का’ हा नसून ‘इथे कोडने पैसे घेतात का’ हा असतो. तिकडे राहणाऱ्यांनी पार्किंगसाठी शहराचं अधिकृत ॲप स्टोअरमधून आधीच उतरवून ठेवावं. न मागवलेलं पार्सल दारात आलं आणि ‘कोणी पाठवलं ते बघायला स्कॅन करा’ असा कोड आत निघाला, तर तो फेकून द्यावा. एफबीआय या अमेरिकेच्या तपास संस्थेने २०२५ मध्ये नेमका याच प्रकाराचा इशारा दिला होता.

देणग्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे आपण श्रद्धेने देतो आणि शंका घेणं बरं वाटत नाही. अयोध्येतल्या राम मंदिराच्या प्राणप्रतिष्ठेआधी, डिसेंबर २०२३ मध्ये, मंदिराच्या नावाने देणगी मागणारे खोटे क्यूआर समाजमाध्यमांवर फिरत होते आणि विश्व हिंदू परिषदेला तक्रार करावी लागली होती. गणेशोत्सवाच्या वर्गणीलाही हेच लागू. कोड मंडळाच्या नावावरच्या खात्याचा असावा. ‘खजिनदाराच्या नावावर आहे’ असं उत्तर आलं तर ते खोटंच असेल असं नाही, लहान मंडळांत तसं चालतं. पण मग पावती तिथल्या तिथे घ्या.

पायरी ३: नाव वाचा, मोठ्याने

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. रक्कम टाकण्याआधी स्क्रीनवरचं नाव समोरच्याला वाचून दाखवायचं: “सुनीता पाटील येतंय, बरोबर ना?”

दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि खात्यातलं नाव जुळेलच असं नाही. पाटी ‘साई स्नॅक्स’ची असते आणि खातं बायकोच्या, भावाच्या नाहीतर मूळ मालकाच्या नावावर असतं. म्हणून नाव वेगळं दिसलं की लगेच चोर पकडल्यासारखं करू नका, विचारा. खरा दुकानदार अर्ध्या सेकंदात ‘हो, मिसेसचं आहे’ म्हणतो. आणि त्याने ‘कोण पाटील?’ विचारलं, तर तुम्ही त्याचंही नुकसान वाचवलंत.

समोर माणूस नसेल तर यूपीआय आयडी अक्षर अक्षर वाचा. २०२० मध्ये पीएम केअर्स निधीची घोषणा झाली तेव्हा खऱ्या आयडीतलं एखादं अक्षर गाळून बनवलेले खोटे आयडी लगोलग फिरायला लागले होते. शेअर बाजारात पैसे गुंतवायचे असतील तर तपासायची आणखी एक सोय आहे. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांसाठी खास यूपीआय आयडी सुरू केले आहेत. त्यात ‘ॲट’च्या चिन्हानंतर ‘व्हॅलिड’ हा शब्द आणि पुढे बँकेचं नाव येतं. ‘ट्रेडिंग गुरू’ने टेलिग्रामवर पाठवलेल्या कोडमध्ये हे नसेल, तर त्याचे स्क्रीनशॉट कितीही हिरवे असोत, पैसे टाकू नका.

पायरी ४: पिन, आणि पिनशिवाय जाणारे पैसे

‘पिन टाकेपर्यंत काही होत नाही’ हे आता पूर्ण खरं राहिलेलं नाही. यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या पेमेंटसाठी ॲपमध्ये आधीच पैसे भरून ठेवायचं पाकीट, चालू असेल तर १,००० रुपयांपर्यंतचं पेमेंट पिनशिवाय जातं. ऑक्टोबर २०२५ पासून बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्यानेही पेमेंटला मंजुरी देता येते. सोय चांगलीच आहे, पण पिन टाकताना जो एक क्षण मिळायचा तोही त्यात जातो. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर ठशाची सोय बंद ठेवावी आणि लाइटमध्ये थोडकीच रक्कम ठेवावी, असं मी सुचवेन.

ऑटोपेकडे विशेष लक्ष द्या. काही कोड स्कॅन केल्यावर एका वेळचं पेमेंट न होता दरमहा पैसे कापून घ्यायची परवानगी मागितली जाते. स्क्रीनवर ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ असं लिहिलेलं असतं, पण खाली पिनचं बटण नेहमीचंच असतं. एकदा पिन टाकला की पुढचे १५,००० रुपयांपर्यंतचे हप्ते सर्वसाधारणपणे पुन्हा न विचारता कापले जातात. तुमच्या ॲपच्या प्रोफाइलमध्ये ऑटोपेची यादी असते. ती आत्ता उघडून बघा; कधीतरी चालू करून विसरलेलं काहीतरी बहुतेक सापडेलच. तिथूनच रद्द करता येतं.

पायरी ५: पैसे घ्यायला कधीच स्कॅन करायचं नसतं

जुना सोफा विकायची जाहिरात टाकलीत. अर्ध्या तासात फोन येतो. बोलणारा स्वतःला सैन्यातला सांगतो, बदली झाली म्हणतो, सोफा न बघताच किंमत मान्य करतो. मग व्हॉट्सॲपवर कोड येतो: “हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.” कधी विश्वास बसावा म्हणून आधी पाच-दहा रुपये खरोखर पाठवतो. कोडवर ‘तुम्हाला २०,००० रुपये मिळत आहेत’ असं छापलेलंही असतं. ते नुसतं चित्र आहे. खाली ॲपमध्ये मात्र स्पष्ट ‘पे’ लिहिलेलं असतं. पैसे कापले गेले की “अहो चुकून झालं, परत करतो, हा दुसरा स्कॅन करा” म्हणत दुसरा कोड येतो. दुसऱ्यांदाही लोक फसतात, कारण गेलेले पैसे परत मिळवायची घाई झालेली असते.

पूर्वी हेच काम ‘पैसे मागण्याची विनंती’ पाठवून चालायचं. व्यक्तीकडून व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. क्यूआरचं तसं करता येत नाही, कारण तिथे व्यवहार सुरू करणारे तुम्हीच असता. पैसे घ्यायचे असतील तर तुमचा कोड समोरच्याने स्कॅन करायचा. एटीएमवर यूपीआयने रोख काढताना आपण स्कॅन करून पिन टाकतो, पण तेव्हाही पैसे आपल्याच खात्यातून निघतात.

पायरी ६: वेबसाइट उघडली तर

पत्ता उजवीकडून वाचायचा. सुरुवातीच्या ‘https://’ नंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी जे असतं तेच खरं ठिकाण. त्याच्या डावीकडे बँकेचं, सरकारचं, कोणाचंही नाव टाकता येतं. रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांना ‘बँक डॉट इन’ने संपणारे पत्ते घ्यायला लावले आहेत, स्टेट बँकेचा ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ तसा. सरकारी पत्ते सहसा ‘गव्ह डॉट इन’ने संपतात. महारेराने, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाने, १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर सक्तीचा केला आहे. तो स्कॅन केल्यावर महारेराच्याच साइटवर प्रकल्पाची नोंद दिसायला हवी. बिल्डरच्या चकचकीत पानावर नेलं, तर तो कोड वेगळाच आहे.

स्कॅन केल्यावर ‘एपीके’ने संपणारी, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाइल उतरायला लागली तर ती उघडू नका. ई-चलन, वीजबिल, लग्नपत्रिका अशी तिची नावं असतात. असं ॲप एसएमएस वाचायची परवानगी घेतं आणि तुमचे ओटीपी परस्पर पुढे पाठवतं. चलन खरंच आहे का हे बघायचं तर परिवहन विभागाच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाका.

ऑफिसच्या मेलमध्ये ‘पगारवाढीचं पत्र बघायला स्कॅन करा’ असा कोड आला तर तो आयटी विभागाकडे पाठवा. चित्रातला पत्ता मेलच्या गाळणीला पकडायला कठीण जातो, आणि स्कॅन करताना तुम्ही कंपनीच्या सुरक्षित संगणकावरून स्वतःच्या फोनवर आलेले असता. दोन्ही गोष्टी चोराच्या पथ्यावर पडतात.

व्हॉट्सॲपचा कोड वेगळा असतो

व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून स्कॅन केलेला कोड म्हणजे तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्या यंत्रावर उघडायची परवानगी. ‘ग्रुपमध्ये सामील व्हायला स्कॅन करा’ असं सांगून हाच कोड दाखवला जातो. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका रशियन हेरगटाची अशीच चाल उघड केली. पुढच्याच महिन्यात गूगलने सिग्नल या मेसेजिंग ॲपवरच्या तशाच हल्ल्यांची माहिती दिली.

आपल्याकडे जास्त घडणारा प्रकार साधा आहे. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला आपण त्यांच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडतो आणि कागद घेऊन निघून येतो. खातं तिथे उघडंच राहतं. लिंक्ड डिव्हाइसेसची यादी उघडा आणि ओळखीचं नाही ते काढून टाका.

दुकानदारांसाठी

सकाळी शटर उघडल्यावर स्वतःचा कोड स्वतः एकदा स्कॅन करून नाव बघा. रात्रभर बाहेर राहणारा स्टिकर काचेच्या आतल्या बाजूने लावा. ‘कंपनीकडून आलोय, क्यूआर अपडेट करायचाय’ म्हणणाऱ्याच्या हातात फोन देऊ नका. गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण हा पुरावा नव्हे, हुबेहूब तशी स्क्रीन दाखवणारी खोटी ॲप मिळतात. साउंडबॉक्स किंवा स्वतःचं ॲप बघा.

“दादा, तुमच्या स्कॅनरवर दहा हजार टाकतो, मला रोख द्या” असं अनोळखी माणूस म्हणाला तर नाही म्हणा. ते पैसे कोणाच्या तरी फसवणुकीतले असतील तर माग तुमच्या खात्यापर्यंत येतो, रक्कम गोठवली जाते, आणि ती सोडवायला परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करायची वेळ येऊ शकते.

पैसे गेलेच तर

लगेच १९३० ला फोन करा. हा राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइनचा नंबर आहे. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ते रोखून धरता येतात, म्हणून नातेवाइकांना सांगणं, चर्चा करणं नंतर. सोबत व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक ठेवा. तीच तक्रार ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर नोंदवा, बँकेलाही कळवा, आणि यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रार करा. चॅट, कोडचं चित्र, समोरच्याचा नंबर यातलं रागाच्या भरात काहीही पुसू नका. एपीके टाकलं गेलं असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा, मग फोन रीसेट करा.

पैसे परत मिळतील का? रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भुर्दंड येत नाही. पण पिन तुम्हीच टाकला असेल तर बँक सहसा त्याला तुमचा निष्काळजीपणा म्हणते. त्या परिस्थितीतही, तुम्ही कळवल्यानंतर जे काही नुकसान होईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८.

बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे छापलेला वापरा. आणि तक्रार केल्यावर काही दिवसांनी ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, परत घ्यायला एवढा कोड स्कॅन करा’ असा फोन आला, तर तो फोन कापा आणि तो नंबरही १९३० ला कळवा.